क्लेरमेनने पाडलेल्या भिंती

ब्लॉक क्लेरमेनच्या हातातून सुटला, जमिनीवर आपटला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले.

गिऱ्हाईक बघतच राहिलं. दार्बोनकडचा उसाचा शेतकरी होता तो, मुलासाठी दोन खोल्या काढणार होता. क्लेरमेनचा माल चांगला म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून मुद्दाम लेओगानला आला होता. ओशाळून तोच म्हणाला, "असू दे बाई, एखादा निघतो असा. दुसरा टाका."

क्लेरमेनने दुसरा उचलला, छातीपर्यंत नेला आणि सोडला. तोही फुटला. तिसरा तर नुसता फुटला नाही, पसरला.

रस्त्याच्या कडेला ओळीने सिमेंटच्या ब्लॉकचे कारखाने होते. कारखाने कसले, पत्र्याचं छप्पर, पाण्याचं पिंप आणि मागे वाळूचा ढीग. त्या सगळ्या ओळीत गिऱ्हाइकासमोर ब्लॉक छातीएवढ्या उंचीवरून टाकून दाखवणारी क्लेरमेन एकटीच. तिने कधी पाटी लावली नाही, रंगवलेला फळा नाही. हीच तिची जाहिरात. ब्लॉक खाली पडायचा, दण्ण आवाज यायचा, आणि तो होता तसाच राहायचा. मग ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बोला, किती पाहिजेत?"

आज ती वाकली, एक तुकडा उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा पांढरा झाला.

"अनूस!"

तिचा नवरा मागे ताज्या ब्लॉकवर पाणी मारत होता. डबा हातात घेऊनच तो पुढे आला, जमिनीवरचे तुकडे बघितले, आणि काही न विचारताच त्याची मान खाली गेली.

क्लेरमेन गिऱ्हाइकाकडे वळली. "दादा, आज तुम्हाला देण्यासारखा माल नाही माझ्याकडं. दुसरीकडं घ्या. पण कुठंही घ्या, आधी टाकून बघा."

तो गेला. जाताना दोनदा मागे वळून बघितलं त्याने.

"वाळूऐवजी डोंगरातली पांढरी चुरी वापरलीस?" तिने विचारलं.

"तू तुझ्या बहिणीच्या बाळंतपणाला जाऊन बसलीस," अनूस म्हणाला. "इकडं मोमांस नदी फुगली. पात्रात ट्रक उतरेना. वाळूचा कण नाही. आणि रोज सकाळी आपली चार माणसं येऊन समोर उभी, काम द्या म्हणून. काय सांगू त्यांना? घरी जा, उपाशी बसा?"

"हो, तेच सांगायचं. नदी उतरेपर्यंत थांबा म्हणायचं."

"सिमेंट कमी नाही घातलं मी, देवाशप्पथ. फ्रिसनेर ट्रक घेऊन दारात आला, म्हणाला, घे चुरी, सगळेच वापरतात. घेतली. सगळेच वापरतात, मेमेन!" अजिजीला आला की तो तिला मेमेन म्हणायचा.

"सगळे वापरत होते," क्लेरमेन म्हणाली, "म्हणून तर."

पुढचं तिने बोलायची गरज नव्हती. लेओगानमध्ये ते वाक्य कुणीच पुरं करत नाही. आमच्याकडे त्या दिवसाला भूकंप म्हणत नाहीत, गुडूगुडू म्हणतात, जमिनीने जो आवाज काढला त्यावरून. त्या दुपारी क्लेरमेन बाजारात कोळसा विकत होती. शेजारणीचं घर बसलं तेव्हा ती नुसत्या हातांनी ढिगारा उपसत होती. एक ब्लॉक ओढायला म्हणून तिने बोटं रुतवली, आणि कसावाची भाकरी मोडावी तसा तो तिच्या मुठीत मोडला. शेजारीण सापडली ती संध्याकाळी, जिवंत नव्हती. त्यानंतर बरेच दिवस क्लेरमेनला मेलेल्या शेजारणीपेक्षा तो मुठीतला चुरा जास्त आठवायचा. हे कुणीतरी बनवलं होतं, कुणीतरी विकलं होतं, आणि विकून झाल्यावर रात्री नीट जेवलं होतं. कोळशाचा धंदा सोडून ती ब्लॉकमध्ये आली ती त्या वर्षी.

"कुणाकुणाकडं गेलाय हा माल?" तिने विचारलं.

उत्तर दिलं ते तिजोने. तिजो म्हणजे हातगाडीवाला, दातांच्या फटीत कायम काडी धरलेला. तो सावलीत बसून सगळं ऐकत होता.

"तीन ठिकाणी," तो म्हणाला. "इल्फ्रेनबाईकडं थोडा, देल्वाच्या माडीवर बराच, आणि सेंतिलूस काकांकडं. काकांच्या घराचा चढ माझी पाठ विसरणार नाही, ताई."

"गाडी काढ."

"रिकामी?"

"रिकामी. घण ठेव तीत."

अनूसने पाण्याचा डबा खाली ठेवला. "वेडी झालीस का? लोकांच्या दारात जाऊन सांगणार, आमचा माल खराब? उद्या इथं कुत्रं येणार नाही."

"नको येऊ दे."

"मी नाही येणार तुझ्याबरोबर."

"तुला कुणी बोलावलं?" ती म्हणाली आणि डोक्याला रुमाल बांधू लागली.

इल्फ्रेनबाईचं काम सोपं होतं. बाजाराच्या वळणावर ती केळी आणि डुकराचं मांस तळून विकायची. वारा लागून विस्तव विझू नये म्हणून तिने टपरीमागे कमरेएवढी भिंत घातली होती. क्लेरमेनने सगळं सांगितलं. इल्फ्रेनबाईने झारा कढईत तसाच ठेवला आणि डोळे बारीक केले.

"म्हणजे ही भिंत तू पाडणार आणि नवी बांधून देणार? फुकट?"

"हो."

"मग जरा उंच बांध की. आणि मध्ये एक खिडकी ठेव. इकडून पोलीस चौकी दिसते, तिथलं गिऱ्हाईक निघालेलं कळतं."

"मावशी, मी चूक निस्तरायला आलेय, बंगला बांधायला नाही."

"खिडकी नाही तर नाही," इल्फ्रेनबाई म्हणाली, "पण तोवर केळी खा. रिकाम्या पोटी घण मारू नये."

भिंत पडायला वेळच लागला नाही. तिजोने घण उगारला, आणि दुसऱ्याच घावाला पांढरी धूळ तळलेल्या केळ्यांवर जाऊन बसली. इल्फ्रेनबाई पडलेल्या ढिगाकडे बघत होती. तिची चेष्टा थांबली. "ह्याला टेकून बसायची मी दुपारची," ती हळूच म्हणाली.

देल्वाचं प्रकरण वेगळं. देल्वा बरीच वर्षं सीमेपलीकडे सांतो दोमिंगोत राबून परत आला होता. खाली किराण्याचं दुकान, वर नवी माडी. माडी पुरी व्हायच्या आत त्याने ती भाड्याने दिली होती. क्लेरमेनचं बोलणं अर्धं ऐकलं आणि तो तिला आत, तांदळाच्या गोण्यांमागे घेऊन गेला.

"हळू बोल. आणखी कुणाला सांगितलंस?"

"इल्फ्रेनबाईला. तिची भिंत पाडली."

"तिची टपरी आहे, माझी इमारत आहे. ऐक. मी तुझ्याकडं तक्रार घेऊन आलोय का? नाही ना? मग विषय संपला. गिलावा झाला, रंग झाला, भाडेकरू राहायला आली. तू घरी जा, मी दुकानात बसतो."

"आणि ती वर झोपते."

"कोण?"

"भाडेकरू."

देल्वाने कपाळाला हात लावला. "बाई, तुला धंदा कळतो की नाही? मी विकत घेतलं, तू विकलंस, व्यवहार पुरा झाला. ह्यात तिसरं माणूस कुठून आणतेस?"

"ते वरच आहे," क्लेरमेन म्हणाली. "मी नाही आणलं. तू ठेवलंस."

ती बाहेर आली आणि सरळ जिना चढली. देल्वा मागून ओरडत होता, पायरीला अडखळत होता. वर राहायची ती दवाखान्यातली नर्स, मिस गेरदा. रात्रपाळी करून आलेली, डोळे सुजलेले. क्लेरमेनने दारातच सांगितलं की या भिंतींतले ब्लॉक तिच्या कारखान्यातले आहेत आणि ते चांगले नाहीत. दुसरं काहीच सांगितलं नाही.

मिस गेरदाने भिंतीकडे बघितलं. मग पलंगाकडे. पलंग भिंतीला लागूनच होता.

"देल्वासाहेब," ती आत वळली आणि पांघरूण गोळा करायला लागली, "ह्या महिन्याचं भाडं मला परत पाहिजे."

त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या लेओगानला कळलं. देल्वाने दुकानाच्या पायरीवर उभं राहून क्लेरमेनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भिंती नव्याने बांधून द्याच, वर रंगाचे आणि बुडालेल्या भाड्याचेही पैसे टाका, असं तो म्हणाला. क्लेरमेन हो म्हणाली. ती इतक्या लगेच हो म्हणाली की देल्वा आणखी रागावला. भांडायला आलेल्या माणसाला भांडण मिळालं नाही की असंच होतं.

अनूस त्या रात्री भावाकडे झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी फ्रिसनेर आला. सिमेंटचं दुकान त्याचं, चुरीचे ट्रक त्याचे, आणि क्लेरमेनच्या थोरल्या मुलीचा तो बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्यामुळे त्याला दारातून घालवून देणं शक्य नव्हतं. तिने खुर्ची दिली, कॉफी दिली. त्याने कॉफी फुंकत फुंकत विषय काढला.

"माझा ट्रक बदनाम करतेस म्हणे."

"तुझं नाव घेतलं नाही मी. माझं घेतलं."

"तेच वाईट. लोक म्हणतात, क्लेरमेनसारखी बाई स्वतःचा माल फोडते, तर मग बाकीच्यांचं काय! अख्ख्या ओळीचा धंदा बसेल." तो खुर्चीत पुढे सरकला. त्याच्या आवाजात राग नव्हता, समजूत होती. "हे बघ. माझं माणसांशी वैर नाही. पण धंदा म्हणजे प्रार्थना नव्हे. बाजारात माणूस काय विचारतो? केवढ्याला? कुणी विचारतं का, कुठल्या वाळूचा? गरिबाला स्वस्त भिंत पाहिजे. मी नाही दिली तर दुसरा देईल. तू महाग विकलीस तर तो ताडपत्रीखाली राहील. मग कोण चांगला, तू की मी?"

हा प्रश्न क्लेरमेननेही स्वतःला अनेकदा विचारला होता. तिचा ब्लॉक परवडला नाही म्हणून परत गेलेली माणसं तिला तोंडपाठ होती.

"फ्रिसनेर," ती शेवटी म्हणाली, "तू तुझ्या आईचं घर कुठल्या वाळूत बांधलंस?"

त्याने कप खाली ठेवला.

"सांग की."

"नदीच्या," तो म्हणाला.

"मग कळतंय तुला. गरिबालाही आई असते."

तो हसला, पण जरा उशिराने. मग त्याने ज्यासाठी आला होता ते काढलं. एवढ्या भिंती परत बांधून द्यायच्या तर क्लेरमेनला पैसा लागणार, आणि तिच्याकडे विकण्यासारखं एकच होतं, ते ब्लॉक पाडायचं मशीन. मोटरवर चालणारं, थरथरून साचा गच्च दाबणारं. ते घ्यायला तिने सहा वर्षं काटकसर केली होती. फ्रिसनेरने जो भाव सांगितला तो चांगला होता. खरंच चांगला होता.

"आणि त्यात काय घालशील?" तिने विचारलं.

"मशीन विकल्यावर ते तू कशाला विचारतेस?"

"मग नाही विकत."

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या मशीनला हात लावून उभी होती. फ्रिसनेरचा पैसा घेतला असता तर सगळं एका दिवसात मिटलं असतं. पण तिच्या तीन भिंती दुरुस्त करायला तिने तीनशे वाईट भिंतींना हत्यार द्यायचं, हे तिच्या डोक्यात बसेना. शेवटी ग्रां-ग्वाव गावचा एक ब्लॉकवाला ते घ्यायला तयार झाला. मुलीसाठी स्थळ बघायला जावं तशी ती तिजोला घेऊन तिकडे गेली. त्याच्या कारखान्यामागे जाऊन वाळू मुठीत घेतली, वास घेतला, पाण्यात ढवळून बघितली. तो माणूस चिडून म्हणाला, "बाई, मशीन मी घेतोय की तुम्ही मला घेताय?" तिजो इतका हसला की त्याच्या तोंडातली काडी पडली. मशीन तिथे गेलं. भाव पुष्कळ कमी आला, पण पोचवायला ती स्वतः गेली आणि मोटरला तेल कुठे घालायचं तेही सांगून आली.

सेंतिलूस काका मात्र ऐकेनात.

काका शिंपी. गळ्यात टेप, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. गुडूगुडूत त्यांची बायको आणि घर दोन्ही गेलं होतं. इतकी वर्षं ते पत्र्याच्या खोपटात राहिले आणि शिवणाच्या पैशांतून यंदा एक खोली उभी केली. भिंती ब्लॉकच्या, वर पत्रा. क्लेरमेन पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभे राहिले.

"पोरी, तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण मी एकदा घर पडताना बघितलंय. दुसऱ्यांदा नाही बघणार. घण घेऊन आलीस तर मी दारात आडवा पडेन."

"काका, ते आपणहून पडलं तर?"

"मग मी आत असेन. बघावं तर लागणार नाही."

ती पायरीवर बसली. काका आत जाऊन मशीनवर बसले. शिवणयंत्राचा आवाज येत राहिला, थांबला, पुन्हा आला. दुपार कलली. तिजो केव्हाच गाडीखाली घोरत होता.

"अजून बसलीयेस?" काकांनी आतून विचारलं.

"हो."

"धंदा नाही का तुला?"

"हाच धंदा आहे माझा."

यंत्र थांबलं. काका बाहेर आले आणि त्यांनी तिला लिंबाचं सरबत दिलं. ते पिता पिता ती खोलीकडे बघत राहिली, आणि मग एकदम म्हणाली, "काका, पाडायचंच नाही आधी. जुन्या भिंतीला लागून बाहेरून नवी बांधायची. नवी पक्की झाली की पत्रा तिच्यावर घ्यायचा. मग आतून जुनी काढायची, एकेक ब्लॉक, हाताने. घण नाही, धडाका नाही. छप्पर एक क्षणही उघडं पडणार नाही."

काकांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे अस्तर आधी जोडायचं आणि मग फाटकं कापड उसवायचं."

"तसंच."

"ह्यात काम दुप्पट काळजीने करावं लागेल. वेळ जाईल. तुला परवडेल?"

"नाही," ती म्हणाली.

काकांनी गळ्यातला टेप काढून तिच्या हातात दिला. "घे. माप नीट घे. भिंतीचंही माप नीटच असावं."

नदी उतरली होती. वाळू आली. मशीन नव्हतं, म्हणून क्लेरमेनने जुना लोखंडी साचा बाहेर काढला. त्यात माल भरायचा, फळीने ठोकायचा, साचा उचलायचा. दिवसाला होते ते ब्लॉक मशीनच्या पासंगाला पुरत नव्हते. चारपैकी दोन माणसांना तिने फ्रिसनेरकडे जा म्हणून सांगितलं. त्यांना पोरंबाळं होती. ते गेले. जाताना एकाने तिचा हात हातात घेतला. दुसऱ्याने बघितलंही नाही.

इल्फ्रेनबाईची भिंत झाली, खिडकीसकट. देल्वाच्या माडीचं काम रोजंदारीच्या गवंड्याने केलं आणि देल्वा रोज खुर्ची टाकून प्रत्येक ब्लॉक आपटून बघत होता. एकही फुटला नाही. ह्याचं त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्याच्या तोंडावरून कळेना. मिस गेरदा परत आली नाही. तिने दुसरीकडे खोली घेतली होती.

काकांच्या भिंतीला गवंडी लावायला क्लेरमेनकडे पैसे उरले नव्हते. ती स्वतःच थापी घेऊन बसली. दुसरा थर चालू होता तेव्हा तिच्यावर सावली पडली.

"हे काय?" अनूस म्हणाला. "भिंत आहे की सापाची चाल? तुझा ओळंबा आजवर कधी सरळ आलाय?"

"मग तू बघ."

"सरक."

ती सरकली. त्याने तिचे वरचे ब्लॉक उचलून बाजूला ठेवले, ओलसर माल खरवडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोन थर चढले. मग ब्लॉकला थापीचा दांडा ठोकत तो म्हणाला, "त्या माणसांना मी घरी पाठवू शकलो नाही. तू पाठवलंस."

"मला झोप नाही आली त्या रात्री."

"मला भावाकडंही नाही आली," तो म्हणाला. "दोरी धर."

नवी भिंत वाळली, पत्रा सरकवला, आणि मग आतून जुने ब्लॉक निघायला लागले. काका शेजारी उभे राहिले नाहीत, पण यंत्र चालू ठेवून आत बसले. शेवटचा ब्लॉक निघाला तेव्हा खोली आतून हातभर मोठी झाली होती. काकांनी टेप लावून बघितला आणि स्वतःशीच मान हलवली.

राहिला तो मलबा. तिन्ही ठिकाणचा पांढरा ढीग क्लेरमेनच्या कारखान्यासमोर पडला होता. फ्रिसनेरचा माणूस येऊन विचारून गेला, दळून परत वापरता येईल, नेऊ का म्हणून. ती नको म्हणाली. काकांच्या घराकडे जाणारी जी चढाची वाट होती तिच्या पायथ्याशी ओढ्याचं पाणी साचून कायम चिखल असायचा. डोंगरातून बाजाराला येणाऱ्या बायका तिथे टोपल्या डोक्यावर घेऊन घसरायच्या. तिजोच्या गाडीने सगळा ढीग तिथे नेऊन टाकला. अनूसने फावड्याने पसरला, क्लेरमेनने बडवला.

"शेवटी उपयोगी पडला म्हणायचा," अनूस म्हणाला.

"पायाखाली चालेल," ती म्हणाली. "डोक्यावर नको."

शनिवारी पहाटे ती साचा घेऊन कामाला बसायच्या आधी तिथवर गेली. माल कसा बसलाय ते बघायचं होतं. उजाडत होतं. डोंगरातल्या बायका उतरत होत्या, रताळी, कोबी, कोंबड्यांचे जुडगे, एकीमागून एक. कुणी घसरलं नाही. पुढची एक तरणी पोर नवे बूट घालून आली होती. वाटेवर पाय ठेवला आणि थांबली.

"ही कसली पांढरी घाण टाकलीय मेल्यांनी! माझे बूट बघ!"

"चल गं, कोरडं तर आहे," मागची म्हणाली.

क्लेरमेन बाजूला झाली आणि त्यांना वाट दिली. सगळ्या जणी गेल्या. डांबरी रस्त्यावर बाजाराच्या दिशेने त्यांच्या पावलांचे पांढरे ठसे उमटत गेले, आणि पुढे पुढे फिके होत गेले.